म्हशींच्या वाटेने नदीला

क्षेत्र महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा धोमच्या धरणात अडते आणि तिथून सुटली की मेणवलीवरून वाईत येते. एवढ्याशा टापूत काय काय आहे बघा. धोमला नृसिंहाचं देऊळ आणि कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. मेणवलीत नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, त्याच्या मागे अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली घंटा. घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे. ‘स्वदेस’ सिनेमातलं चरणपूर याच गावात उभं राहिलं होतं. तिथून तीनेक किलोमीटर खाली वाई. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड असे सात घाट आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ पाण्याला लागून. मधल्या शेतांत ऊस आणि हळद.

नदीकाठी पायी हिंडायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगला मुलूख मला माहीत नाही. आणि याच मुलखात ज्याचे गुडघे गेलेत, ज्याला दिसत नाही, जो चाकाच्या खुर्चीत बसतो, त्याला कृष्णा भेटते ती बहुतेक वेळा पुलावरून जाताना, गाडीच्या काचेतून. हे मला मान्य नाही. या आठवड्याचं सदर त्यासाठी.

लोक लगेच म्हणतात, ‘आम्ही म्हाताऱ्या माणसांना नेतो की घाटावर.’ नेता म्हणजे काय करता? दोघंजण काखेत हात घालून उचलता, धापा टाकत खाली उतरवता, पाण्याचा हात डोळ्याला लावायला सांगता आणि पाच मिनिटांत ‘चला, उशीर होतोय’ म्हणत परत वर आणता. दर्शन झालं, पण फिरणं झालं नाही. फिरणं म्हणजे वाटेल तिथे थांबणं, कंटाळा आला की मागे वळणं, आणि कोणाला न विचारता निघणं. ज्याला प्रत्येक पायरीला दुसऱ्याचा खांदा मागावा लागतो, तो दोनदा मागतो आणि तिसऱ्यांदा ‘नको, मी इथेच बरा आहे’ असं म्हणतो. घरोघरी ओट्यावर बसलेली ही माणसं खरोखर बरी नाहीत. त्यांनी मागणं सोडलंय.

आणि ती थोडीथोडकी नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांतल्या दर दहांपैकी जवळजवळ सात खेड्यांत राहतात. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक जण साठीच्या पुढचा होता, आणि तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेल्यामुळे खेड्यात हे प्रमाण डोळ्यांनाच दिसतं. त्यांत बाळंतीण धरा, प्लास्टर घातलेला पोरगा धरा, डोक्यावर धुण्याचे पिळे घेऊन चाललेली बाई धरा. गावातल्या सपाट, धड वाटेची गरज कोणाला आहे याची यादी केली, तर गरज नसलेलेच मोजके निघतील.

आता घाटाची पायरी जवळून पाहू. काळा घडीव दगड, दोन-अडीचशे वर्षांच्या पावलांनी कड गोल झालेली. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ, एरवी धुण्याचा साबण आणि ओल. धरायला कठडा नाही. पायऱ्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. पाण्याजवळच्या दोन-तीन बहुधा जास्त उंच, कारण त्या पूर सोसायला घातलेल्या. सुंदर काम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ते धडधाकट पायांसाठी केलेलं आहे, हे स्वच्छ बोलायला हवं.

पण घाट ही नदीला जायची एकुलती एक वाट कधीच नव्हती.

गावातली माणसं पायऱ्यांनी उतरायची, तेव्हा गावातली गुरं कुठून उतरत होती? म्हशी डुंबायला कुठून जात होत्या? मळीच्या रानातला ऊस भरून गाडी वर कुठून येत होती? ओझ्याची बैलगाडी पायऱ्या चढत नाही. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावाला घाटाखेरीज आणखी एक वाट असते. कुठे ती गावाच्या वरच्या अंगाला असते, कुठे खालच्या. कुंपणांमधून, बांधांमधून वळत वळत अलगद पाण्याशी जाते. तिचा उतार कोणी टेप लावून काढलेला नाही. भरल्या गाडीचे बैल जिथे अडखळले तिथे वाट वळली आणि जिथे ओढू शकले तिथे सरळ गेली.

चाकाच्या खुर्चीचा हिशेब असा : एक फूट उंची चढायची तर किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. बैलांना पेलणारा चढ हातांना नेहमी पेलेल असं नाही. पण जिथे पायऱ्या नाहीत, वळणं आहेत आणि रुंदी आहे, तिथे उरतो तो फक्त मुरमाचा आणि एखाद्या जादा वळणाचा प्रश्न. घाटावर काँक्रीटचा उतार ठोकण्यापेक्षा हे शंभरदा सोपं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : ज्या वाटेनं म्हशी नदीला जातात ती वाट आधी सुधारा. आपल्या प्रत्येक गावात सगळ्यांना चालता येईल अशी वाट पूर्वजांनी घालून ठेवलेली आहे आणि आपण ती बुजवत चाललो आहोत.

हे मला कळलं ते एका म्हशी राखणाऱ्याकडून. माझी आत्या पक्षाघातानंतर चाकाच्या खुर्चीत आहे. कृष्णाकाठच्या एका गावी तिला नेलं होतं. घाटाच्या अगदी वरच्या पायरीशी खुर्ची लावली, तर तिला समोरच्या काठावरच्या झाडांचे शेंडे दिसत होते, पाणी दिसत नव्हतं. चार म्हशी हाकत एक म्हातारबाबा तिथून चालले होते. थांबले.

‘‘पावणं, आजींस्नी पायऱ्यांनी न्हेताय व्हय? म्हशींच्या वाटंनं न्या की.’’

‘‘बाबा, खुर्ची जाईल का तिथनं?’’

‘‘म्हस जाती, गाडी जाती, खुर्चीला काय व्हतंय? चला माझ्यामागं.’’

वाट उसाच्या फडाला धरून होती, मस्त सावलीची. पण तोंडालाच कोणीतरी लोखंडी नळ्या रोवल्या होत्या, वाळूच्या गाड्या जाऊ नयेत म्हणून. हेतू चांगला, पण दोन नळ्यांतलं अंतर पावणेदोन फूट आणि खुर्ची सव्वादोन फूट. आत्याला उचलून शेजारच्या दगडी गडग्यावर बसवलं, खुर्ची मिटून पलीकडे नेली, पुन्हा उघडली, पुन्हा तिला उचलून बसवलं. म्हशी मात्र नळ्यांना वळसा घालून फडातून गेल्या. पुढे उतार लागला तिथे खुर्ची उलटी फिरवली. ‘‘आत्या, तुला पाठमोरी नेतो, घाबरू नकोस.’’ उतारावर खुर्ची अशीच न्यावी लागते. मोठी चाकं पुढे, ढकलणारा खाली. सरळ नेली तर माणूस पुढच्या पुढे कोसळतो. मध्येच कोणीतरी अर्धी ट्रॉली खडी ओतून ठेवली होती. खुर्चीचं पुढचं चाक मूठभर असतं, ते मोकळ्या खडीत रुतलं की पुढे हलतच नाही. मागे कलून, मोठ्या चाकांवर तोलून ती आठ-दहा पावलं काढली.

पाण्याशी पोचल्यावर आत्या म्हणाली, ‘‘तुम्ही आता जरा लांब जा.’’ आम्ही लांब गेलो. धुणं धुणाऱ्या बायकांशी ती हळदीच्या भावावरून जे बोलायला लागली ते अर्धा तास थांबली नाही. मग कोणाच्या सुनेचं, कोणाच्या विहिरीचं. घरी तिला भेटायला येणारे सगळे तब्येत विचारायला येतात. नदीवर तिला कोणी तब्येत विचारली नाही.

दोन नळ्या आणि अर्धी ट्रॉली खडी. तिच्या आणि नदीच्या मध्ये एवढंच होतं.

आता कागदाकडे वळू, कारण या वाटा हवेतल्या नाहीत, त्या नकाशावर आहेत. गावाचा नकाशा काढा. दोन समांतर तुटक रेषा दिसतील ती गाडीवाट, एकेरी तुटक रेषा दिसेल ती पायवाट. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झाली, साखळीचे १६ आणे. गाडीवाटेची रुंदी निदान अर्धी साखळी, म्हणजे साडेसोळा फूट. पायवाट पाव साखळी, म्हणजे सव्वाआठ फूट. चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना न घासता जायला सहा फूट पुरतात. म्हणजे नकाशातल्या साध्या पायवाटेवरूनही दोन आत्या शेजारी शेजारी, बोलत बोलत नदीला जाऊ शकतात, आणि वर त्यांच्या कडेने एक शेळी.

प्रत्यक्षात त्या जागेवर काय आहे? दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांध कोरून कोरून वाट खाल्लेली. दरवर्षी नांगराचं एकच तास पुढे जातं. त्या एका तासाबद्दल कोणी भांडत नाही आणि पंचवीस वर्षांनी वाटेची गटार झालेली असते. राहिलेल्या जागेत घाणेरी आणि वेडी बाभूळ. तोंडाशी उकिरडा. मधून कोणाची तरी पाइपलाइन गेलेली आणि चर नीट न बुजवलेला.

यावर कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, वाटा आणि नदीचं पात्र ही सरकारची मालमत्ता आहे, कोणाच्या सातबाऱ्याची नाही. त्याच संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. मामलेदार न्यायालय अधिनियम तर १९०६चा आहे. त्याच्या कलम ५ खाली वाट अडवली असेल तर तहसीलदारांना ती मोकळी करता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. या तरतुदी मुख्यतः शेतात जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहेत, हे खरं. पण गाडी जाण्याइतकी वाट मोकळी झाली की ती खुर्चीलाही मोकळी होते. अडचण एवढीच की वाट अडवणारा शेजारी असतो, त्याच्याच लग्नात आपण पंगतीला बसणार असतो, आणि त्या संकोचात सहा महिने निघून जातात. शेतकरी निदान ऊस अडकला की भांडतो. ओट्यावर बसलेल्या माणसाच्या वतीने कोण भांडणार? ग्रामपंचायतीने भांडायचं. ते तिचं काम आहे.

अपंगांसाठीचा कायदा निराळा. २०१६चा दिव्यांग हक्क अधिनियम एप्रिल २०१७मध्ये लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत धार्मिक, सांस्कृतिक आणि विरंगुळ्याच्या जागाही धरल्या आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येण्याजोग्या करायच्या होत्या. नियम जून २०१७मध्ये आले. मुदत २०२२मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, आणि त्यासाठी केंद्र सरकारला तीन महिने दिले. दिल्लीत हे चाललेलं असताना गावात काय होतं? ग्रामपंचायतीच्या दाराला एक उतार होतो, तोही पुष्कळदा इतका खडा की त्यावरून भरली सायकलसुद्धा नेता येत नाही. फोटो काढला जातो, प्रकरण मिटतं. उतार मोजायला एक दोरी आणि एक पट्टी लागते. बारा फुटांना एक फूट. एवढं मोजल्याशिवाय बिल मंजूर करू नका.

आणि ते ‘नदीकाठ सुशोभीकरण’. पैसा येतो हे चांगलंच आहे, पण जातो कुठे? कमान. रंगीत दिवे. गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं. पेव्हर ब्लॉक. आणि पुन्हा पायऱ्या, नव्या, चकचकीत ग्रॅनाइटच्या, ज्या पहिल्या पावसात काळ्या दगडाच्या पायऱ्यांपेक्षा जास्त निसरड्या होतात. पेव्हर ब्लॉकबद्दल स्पष्ट सांगतो : दोन पावसाळ्यांत ते खालीवर होतात आणि त्यांच्या प्रत्येक फटीचा दणका खुर्चीतल्या माणसाच्या पाठीला बसतो. पक्षाघात झालेल्या, मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला तो दणका म्हणजे खरी वेदना आहे. त्यापेक्षा चाळलेला मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवलेली वाट कितीतरी बरी. स्वस्तही पडते, आणि गावातल्या माणसांना रोजगार हमीवर ती दुरुस्त करता येते.

आता या सगळ्यांपेक्षा सोपी वाट सांगतो. पाटाची.

धोम धरणाचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. कालव्याच्या कडेने देखभालीसाठी वाट असते. कालव्याचं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, ते आपल्या आपण वाहतं, आणि काठ न खरवडता हळू वाहावं म्हणून त्याला उतार अगदी नावाला ठेवलेला असतो, हजारो फुटांमागे एखाद-दुसऱ्या फुटाचा. शेजारची वाटही त्याच पातळीने डोंगराच्या पोटाला धरून वळत जाते. म्हणजे अभियंत्यांनी पाण्यासाठी मोजून-मापून केलेलं काम खुर्चीसाठी, काठीसाठी, दम लागणाऱ्या छातीसाठी जसंच्या तसं उपयोगी आहे. एका अंगाला शिवार, खाली लांबवर नदीची झाडी, डोक्यावर बगळे. महाराष्ट्रात जिथे जिथे धरण आणि कालवा आहे तिथे तिथे ही वाट तयार पडलेली आहे. मला तरी पाटाएवढी सपाट, लांब आणि देखणी वाट दुसरी दिसत नाही, आणि पर्यटनाच्या एकाही माहितीपत्रकात ती मी वाचलेली नाही.

तिथे धोका आहे, तो लपवायचा नाही. कालव्याचे काठ उभे असतात, पडलेल्या माणसाला बाहेर येणं कठीण. म्हणून सगळा कालवा उघडा करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक गावाने आपल्या शिवेतला एखादा किलोमीटर निवडावा, पाण्याच्या बाजूला कमरेएवढा कठडा घालावा, शंभर-शंभर पावलांवर बसायला पाठ टेकता येईल असा बाक ठेवावा. पाठ टेकता येईल असा, हे मुद्दाम लिहितो. गोल पारावर तरणी पोरं बसतात. म्हाताऱ्याला उठताना धरायला हात असलेला बाक लागतो. आणि बाकाच्या शेजारी खुर्ची लावायला तीन फूट मोकळी जागा, म्हणजे खुर्चीतला माणूस वाटेच्या मधोमध उभा राहत नाही, तो इतरांच्या बरोबर बसतो.

ज्याला दिसत नाही त्याच्या हाताला कठडा लागला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे डोक्याएवढ्या उंचीवर लोंबणाऱ्या बाभळीच्या फांद्या. पांढरी काठी जमिनीवरचं सांगते, कपाळासमोरचं सांगत नाही. कोयत्याचे चार घाव घातले की ती फांदी जाते. ते काम मात्र दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावं लागेल, एकदा करून फीत कापून चालणार नाही.

इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे. तिथे शेतांच्या कुंपणांवरून चढून जायच्या लाकडी पायऱ्या हीच अडचण होती. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने अशा पायऱ्या नसलेल्या पन्नासच्या आसपास वाटा काढल्या आणि त्यांचे तीन वर्ग केले : सगळ्यांना जमेल अशा, पुष्कळांना जमेल अशा, काहींनाच जमेल अशा. प्रत्येक वाटेबद्दल लांबी किती, चढ किती, जमीन कशी, फाटक कसं हे लिहून ठेवलं. मला त्यात सगळ्यात भावतो तो हा प्रामाणिकपणा. त्यांनी डोंगर सपाट केले नाहीत. आत्ता वाट कशी आहे ते खरं सांगितलं आणि जायचं की नाही हे चालणाऱ्यावर सोडलं.

आपल्याकडच्या फलकावर वाडा कोणी बांधला ते असतं, कधी बांधला ते असतं, कोणाच्या हस्ते फलक लागला तेही असतं. पायऱ्या किती ते नसतं. गाडी कुठपर्यंत जाते, सावली कुठे आहे, संडास आहे का आणि त्याच्या दाराला उंबरा आहे का, हे नसतं. घरातून निघण्याआधी म्हाताऱ्या माणसांना हेच चार प्रश्न पडतात. उत्तर मिळत नाही म्हणून ती निघत नाहीत. फलक रंगवायला पेंटरला एक दिवस लागतो. खोटं न लिहिण्याची तयारी मात्र हवी : ‘येथे ४२ पायऱ्या आहेत, कठडा नाही’ असं ज्या गावाला लिहिता येईल त्या गावाला मी आधी दाद देईन.

काही जण म्हणतील, जुन्या घाटांना हात लावायचा का? नाही. मुळीच नाही. मेणवलीचा घाट फोडून तिथे उतार घातला तर त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत मी असेन. घाटाला घाट राहू द्या. वरच्या पायरीशी पाणी दिसेल अशी एक सपाट जागा करा, आडवी आलेली टपरी हलवा, आणि खाली पाण्याशी जायला गुरांची जुनी वाट मोकळी करा. घाट वाचवायचा असेल तर हीच युक्ती आहे, कारण दुसरी वाट असली की घाटावर सिमेंट ओतायची कोणाला गरज उरत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर मांडव पडतात, पंगती उठतात, कीर्तनं होतात. वरच्या वाड्यांतून आवाज ऐकत बसलेल्या म्हातारीला त्या मांडवात आणायचं आहे. दगड तोच राहील.

शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. वाट उघडली की शहरातले लोक येतील, बाटल्या फोडतील, ओंब्या मोडतील, हळदीच्या वाफ्यातून फोटो काढत फिरतील. हा त्रास काठावरच्या लोकांनी सोसलेला आहे. पण दारू प्यायला येणाऱ्याला वाट कशीही असली तरी चालते, तो काट्यातूनही जातो. वाट वाईट ठेवल्याने फक्त आत्या अडते. उलट जिथे सकाळ-संध्याकाळ गावातली म्हातारी माणसं बसलेली असतात तिथे बाटली उघडायची कोणाची छाती होत नाही. चार आजोबा बाकावर असले की शिवाराला राखणदार ठेवावा लागत नाही.

पैसे कुठून आणायचे? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत, तसा शासनाचा आदेश आहे. बहुतेक ठिकाणी त्यातून वस्तूंचं किंवा रोख रकमेचं वाटप होतं. ज्याला पैशाची नड आहे त्याला पैसे द्याच, ते तोडून वाट करा असं मी सांगणार नाही. पण शासनाची पाणंद रस्त्यांसाठी योजना आहे, रोजगार हमी आहे, सुशोभीकरणाचा निधी तर आहेच. त्या कामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ घाला : वाटेवर कुठेही पायरी असणार नाही. एवढ्या ओळीने खर्च वाढत नाही, उलट पायऱ्यांचं दगडकाम वाचतं.

एसटीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. फार चांगला निर्णय. त्यामुळे कितीतरी आजी-आजोबा पुन्हा बाहेर पडले. पण गाडीची पहिली पायरी मांडीएवढी उंच, आणि उतरल्यावर थांब्यापासून नदीपर्यंत धड वाट नाही. तिकिटाचे पैसे माफ केले, आता पुढची दोनशे पावलं करा. त्यासाठी मुंबईहून आदेश यायची वाट पाहायला नको.

पुढची ग्रामसभा कधी आहे ते बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या आहेत. गावचा नकाशा घेऊन जा आणि विचारा, नदीला जाणारी ही तुटक रेषा आज जमिनीवर कुठे आहे? मग सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, एक म्हशी राखणारा आणि चाकाच्या खुर्चीतलं एक माणूस एवढ्या जणांनी त्या वाटेनं एकदा पाण्यापर्यंत जाऊन या. कुठे काय अडतं ते जागच्या जागी खडूने खुणा करून लिहा. खुर्चीतलं माणूस नसताना केलेली पाहणी धरू नका.

अडथळ्यांची यादी लांब निघाली तर मुरूम आणि कठडा दिवाळीनंतर करा, रान वाळल्यावर. तोंडाशी नळ्या रोवलेल्या असतील तर त्यांतली एक कापून तीन फुटांवर पुन्हा रोवा. त्यातून वाळूची गाडी जात नाही, खुर्ची जाते. गावातल्या वेल्डरला हे तासाभराचं काम आहे, ते या आठवड्यातच होऊ द्या.